व्हेरिटी लॅम्बर्ट नावाची ईपी

३० नोव्हेंबर १९५८, रविवारची रात्र. मँचेस्टरच्या डिड्सबरी भागातल्या स्टुडिओतून एबीसी या ब्रिटिश कंपनीचं एक नाटक टीव्हीवर लाइव्ह चाललं होतं. अणुबॉम्ब पडल्यावर लंडनच्या भुयारी रेल्वेत अडकलेल्या माणसांची गोष्ट, नाव ‘अंडरग्राउंड’. दोन प्रवेशांच्या मध्ये, सेटच्या मागे, गॅरेथ जोन्स नावाचा तेहतीस वर्षांचा नट कोसळला आणि गेला. घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांना याचा पत्ता नाही. नाटक थांबवता येत नाही. दिग्दर्शक टेड कॉचेफ गॅलरी, म्हणजे वरची कंट्रोल रूम, सोडून खाली फ्लोअरवर धावला, कारण मेलेल्या नटाचं काम उरलेल्यांत कसं वाटायचं ते ठरवायचं होतं. मग वर मॉनिटरांसमोर बसून कोणत्या कॅमेऱ्यावर कधी जायचं हे सांगायला कोण उरलं? प्रॉडक्शन असिस्टंट. तीन दिवसांपूर्वीच तिला तेवीसावं वर्ष पूर्ण झालं होतं.

नाटक शेवटपर्यंत गेलं. ती मुलगी म्हणजे व्हेरिटी लॅम्बर्ट.

मी गोरेगावला राहते आणि मराठी मालिकांची ईपी म्हणून काम करते. एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. पद भारदस्त आहे, पण हिरोइनला आणायला गाडी गेली का इथपासून रात्री चॅनलला एपिसोड पोचला का इथपर्यंत जे जे अडेल ते माझ्या गळ्यात. लेखकाचे सीन रात्री अकराला येतात, दिग्दर्शकाला ते पटत नाहीत, चॅनलला नेमके तेच हवे असतात, आणि ज्याच्यावर सगळा सीन उभा आहे त्या नटाला तीन वाजता सोडायचं असतं, कारण संध्याकाळी दीनानाथला त्याचा प्रयोग आहे. या सगळ्यांच्या मधे उभी असते ती मी. माझ्या आईला अजूनही वाटतं की मी ‘मालिकेत आहे’ म्हणजे एक ना एक दिवस दिसेनच.

व्हेरिटीची ओळख मला भाच्याने करून दिली. तो ‘डॉक्टर हू’चा वेडा आहे. ही बीबीसीची विज्ञानकथांची मालिका. एक म्हातारा निळ्या पोलीस-बॉक्समध्ये बसून काळातून कुठेही जातो. २०१३ साली मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा ती सुरू कशी झाली यावर बीबीसीने एक टेलिफिल्म काढली. भाच्याने ती मला जबरदस्तीने दाखवली आणि मधेच पॉझ करून म्हणाला, “मावशी, बघ, ही बाई दिवसभर तुझंच काम करतेय.” तेव्हापासून मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत आलेय, आणि तिने केलेलं मिळेल ते बघत आलेय.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं डोक्यात बसणार नाही. आपल्याकडे निर्माता म्हटलं की घर गहाण टाकणारा, बायकोचे दागिने विकणारा माणूस समोर येतो. मराठी सिनेमाने ही प्रतिमा इतकी घट्ट करून ठेवलीय की पैसे न घालणारा निर्माता म्हणजे लोकांना फसवणूकच वाटते. ब्रिटिश टीव्हीतला निर्माता पगारी नोकर असायचा. पैसा बीबीसीचा किंवा आयटीव्ही या खाजगी चॅनलच्या कुठल्यातरी कंपनीचा. याने ठरवायचं ते काय करायचं, कुणी लिहायचं, कुणाला दिग्दर्शनाला घ्यायचं, आणि वरून ‘नाही’ आलं तर काय करायचं. यातली शेवटची बाब सगळ्यांत अवघड, आणि त्या बाबतीत व्हेरिटीबाईंचा हात कुणी धरणार नाही असं माझं मत आहे.

जन्म लंडनचा, २७ नोव्हेंबर १९३५. ज्यू कुटुंब, वडील अकाउंटंट. रोडीन नावाच्या मुलींच्या बड्या बोर्डिंग शाळेत गेली, सोळाव्या वर्षी शाळा सोडली, मग वर्षभर पॅरिसला सोरबॉनमध्ये, आणि परत येऊन टायपिंग-शॉर्टहँड. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी, पण त्या काळात अशा घरातल्या मुलीलाही टाइपरायटरच्याच दारातून आत यावं लागायचं. पहिली नोकरी एका हॉटेलात मेनू टाइप करायची. फ्रेंच येतं म्हणून मिळाली. १९५६ मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या प्रेस ऑफिसात सेक्रेटरी म्हणून लागली आणि सहा महिन्यांत तिला काढून टाकलं. मग एबीसीमध्ये पुन्हा टायपिस्ट, मग ड्रामा विभागाच्या प्रमुखाची सेक्रेटरी, मग प्रॉडक्शन असिस्टंट. तिथेच ती गॅलरीतली रात्र.

आपल्याकडे अशी रात्र निभावली की दुसऱ्या दिवशी सगळे पाठ थोपटतात आणि तिसऱ्या दिवशी “ताई, चहा सांगा ना” सुरू होतं. तिचंही वेगळं काही झालं नाही. १९६१ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली, वर्षभर डेव्हिड सस्किंड या अमेरिकन निर्मात्याची सहायक म्हणून काम केलं, परत आली, आणि एबीसीत पुन्हा त्याच खुर्चीत. तिला दिग्दर्शन करायचं होतं. बायकांना कोणी ते देत नव्हतं. शेवटी तिने ठरवलं की वर्षभरात पुढे सरकता आलं नाही तर टीव्हीच सोडायचा.

या अशा मुदती आम्ही सगळ्याच जणी स्वतःला घालून घेतो. बहुतेकींच्या उलटून जातात आणि कोणी दखलही घेत नाही. तिला मात्र फोन आला.

फोन करणारा सिडनी न्यूमन. कॅनडाचा माणूस, एबीसीत ड्रामाचा प्रमुख होता, डिसेंबर १९६२ मध्ये बीबीसीत ड्रामाचा प्रमुख म्हणून गेला. शनिवारी संध्याकाळी मुलांनी आणि मोठ्यांनी एकत्र बघावी अशी मालिका त्याला हवी होती. निर्माता म्हणून आधी विचारलेल्यांनी नकार दिला होता. मग त्याला एबीसीतली ही मुलगी आठवली. जून १९६३ मध्ये व्हेरिटी बीबीसीत आली तेव्हा ती तिथली सगळ्यांत तरुण ड्रामा निर्माती होती, आणि त्या विभागात निर्माती असलेली एकटी बाई.

पहिल्या कथेच्या दिग्दर्शनासाठी तिला जो मिळाला त्याच्याबद्दल कळल्यावर मी खुर्चीत सरसावून बसले. वारिस हुसेन. जन्म लखनौचा, बालपणाचा बराच काळ आपल्या मुंबईतला, १९४६ मध्ये आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेलेला. आई अतिया हुसेन, लेखिका. पोरगा केंब्रिजचा, वय चोवीस. सत्तावीस वर्षांची बाई आणि चोवीस वर्षांचा हिंदुस्थानी मुलगा, आणि भोवताली पाइप ओढणारे, युद्ध बघून आलेले साहेब. गंमत म्हणजे वारिसला स्क्रिप्ट वाचून रडू यायची वेळ आली होती. पहिला एपिसोड ठीक, पण पुढचे तीन एपिसोड गुहेतली माणसं विस्तव पेटवायला धडपडतात. केंब्रिजमधून शिकून अंगावर कातडी पांघरलेल्या नटांना “जरा अजून घुरघुर” म्हणून सांगायचं! तरी त्याने मन लावून केलं. पुढे त्याने ‘सिक्स्थ हॅपिनेस’ नावाचा सिनेमा केला, मुंबईतल्या पारशी घराचा. मिळाला तर जरूर बघा.

डॉक्टरच्या भूमिकेसाठी व्हेरिटीला विल्यम हार्टनेल हवा होता. त्याची सगळी कारकीर्द सिनेमात खडूस सार्जंट आणि गुंड करण्यात गेलेली, आणि त्याला याचाच कंटाळा आलेला. मुलांच्या मालिकेत आजोबा? नको म्हणाला. व्हेरिटी आणि वारिस दोघं त्याला जेवायला घेऊन गेले आणि पटवून आले. हे जेवायला घेऊन जाणं कुठल्याही बजेट शीटवर दिसत नाही. ज्येष्ठ नटाला एका तरुण टीमसाठी राजी करायला शिवाजी पार्कच्या कुठल्यातरी हॉटेलात मीही बसलेय. तुम्ही मालिकेबद्दल बोलायचंच नसतं. त्याच्या जुन्या नाटकाबद्दल बोलायचं, बिल द्यायचं आणि घरी यायचं.

स्टुडिओ मिळाला तो लाइम ग्रोव्हमधला ‘डी’. शेफर्ड्स बुशमधली जुनी, कोंदट इमारत, वजनदार जुने कॅमेरे. दिव्यांच्या उष्णतेने छतावरचे आग विझवायचे फवारे सुरू व्हायचे, असं तिथे काम केलेले लोक सांगतात. आठवडाभर तालीम आणि शुक्रवारी संध्याकाळी जवळजवळ सलग रेकॉर्डिंग, कारण व्हिडिओ टेप कापणं महाग होतं. आम्ही दिवसाला एक एपिसोड काढतो आणि स्वतःला शूर समजतो. पण आमच्या हातात रीटेक असतो. तिथे दार उघडलं नाही, नट वाक्य विसरला, तरी शक्यतो पुढेच जायचं.

पहिला एपिसोड रेकॉर्ड झाला आणि न्यूमनला अजिबात आवडला नाही. डॉक्टर फार तुसडा वाटतो, दारं आवाज करतात, कॅमेरे हलतात. त्याने दोघांना बसवून चुका वाचून दाखवल्या आणि मग सांगितलं, पुन्हा करा. ही मेहेरबानीच होती, कारण तो दोघांनाही काढू शकत होता. १८ ऑक्टोबरला एपिसोड पुन्हा झाला. प्रसारण ठरलं २३ नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी संध्याकाळी, आणि आदल्या दिवशी डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. अख्खं जग बातम्यांसमोर. काही भागांत वीजही गेली होती. साधारण ४४ लाख लोकांनी बघितला, तेव्हाच्या मानाने बेताचाच आकडा. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला पुन्हा दाखवला. लाँचच्या रात्री असं काही झालं तर आपल्या इथल्या ऑफिसात काय आरडाओरडा होईल याची मला पूर्ण कल्पना आहे.

आणि मग डालेक. हा भाग मी माझ्या असिस्टंट मुलींना कितीतरी वेळा सांगितलाय, त्या आता माझ्यामागे तोंड वेडावतात.

न्यूमनची सुरुवातीपासूनची ताकीद होती की डोळे बटाट्याएवढे असलेले राक्षस माझ्या मालिकेत नकोत. आणि टेरी नेशन नावाच्या लेखकाने लिहिलेली मालिकेची दुसरी कथा आली ती नेमकी डालेक नावाच्या, चाकांवर फिरणाऱ्या, घोगऱ्या यांत्रिक आवाजाच्या, माणसं मारत सुटणाऱ्या प्राण्यांची. सिरियल विभागाचा प्रमुख डोनाल्ड विल्सन याने व्हेरिटीला आणि स्टोरी एडिटर डेव्हिड व्हिटेकरला बोलावून सांगितलं, हे भयंकर आहे, करू नका. ती काय म्हणाली? दुसरं स्क्रिप्ट तयारच नाही. बस्स. बँक नाही. आमच्या धंद्यात बँक म्हणजे हातात तयार असलेले जादा एपिसोड, आणि बँक नसणं म्हणजे रोजची विस्तवावरची चाल. व्हेरिटीने त्या नसलेल्या बँकेचीच ढाल केली. २१ डिसेंबरला डालेकची कथा सुरू झाली. महिन्या-दीड महिन्यात प्रेक्षक कोटीच्या वर गेले आणि इंग्लंडभर पोरं हात पुढे करून घोगऱ्या आवाजात एकमेकांना ठार मारू लागली. न्यूमन चिडला, तर तिने त्याला समजावलं की हे राक्षस नाहीतच, अणुयुद्धाने ज्यांची शरीरं नासली आणि जे यंत्राच्या टरफलात राहून जगतात असे हे जीव आहेत. विल्सनने नंतर मोठ्या मनाने सांगितलं की ही मालिका तुला माझ्यापेक्षा जास्त कळते, आता मी मधे येणार नाही. असा साहेब मिळायलाही नशीब लागतं.

डालेकचं ते रूप रेमंड क्युसिक या पगारी डिझायनरने दिलं. शीर्षकसंगीत रॉन ग्रेनरचं, पण ते कानाला जसं ऐकू येतं तसं घडवलं डेलिया डर्बिशरने, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, टेपचे तुकडे कापून जोडून. पडद्यावर श्रेय मात्र तेव्हा मिळालं नाही. क्रेडिट रोल किती भरभर पळवतात हे रोज बघणारी मी, मला हे वाचून वाईट वाटलं पण नवल वाटलं नाही. वारिसने त्याच पहिल्या वर्षी केलेली मार्को पोलोची सात भागांची कथा तर आज चित्ररूपात शिल्लकच नाही. टेप महाग, जागा कमी, म्हणून बीबीसीने पुसून टाकली. आवाज तेवढा राहिला, कारण त्या काळच्या प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो धरून ठेवला होता.

१९६५ मध्ये ती ‘डॉक्टर हू’मधून बाहेर पडली. पुढच्या काही वर्षांवरून मी भरभर जाते: एक सोप, ‘अ‍ॅडम अ‍ॅडमंट लिव्ह्ज’ नावाची साहसमालिका, सॉमरसेट मॉमच्या कथांची मालिका, आणि लंडन वीकेंड टेलिव्हिजनसाठी ‘बजी’. पण १९७४ ची ‘शोल्डर टु शोल्डर’ सोडवत नाही. मताच्या हक्कासाठी लढलेल्या इंग्लंडमधल्या बायकांची कथा. ही मालिका अभिनेत्री जॉर्जिया ब्राउन, फिल्ममेकर मिज मॅकेंझी आणि व्हेरिटी या तिघींनी उभी केली.

त्याच वर्षी व्हेरिटी थेम्स टेलिव्हिजन या आयटीव्ही कंपनीची ड्रामा प्रमुख झाली. आता ती स्वतःच ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या खुर्चीत होती. आणि त्या खुर्चीत बसून तिने कशाला ‘हो’ म्हटलं बघा. क्वेंटिन क्रिस्प या माणसाचं आत्मचरित्र. उघडपणे समलिंगी, केस रंगवून, ओठ रंगवून तीसच्या दशकातल्या लंडनमध्ये फिरणारा, मार खाणारा, तरी मान ताठ ठेवणारा. फिलिप मॅकी या लेखकाने त्याच्यावर लिहिलेली पटकथा वर्षानुवर्षं दारोदार फिरत होती, बीबीसीनेही नाकारली होती. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरून जेमतेम आठ वर्षं झाली होती. ‘द नेकेड सिव्हिल सर्व्हंट’ डिसेंबर १९७५ मध्ये आयटीव्हीवर, म्हणजे जाहिरातींवर चालणाऱ्या चॅनलवर, घरातल्या टीव्हीवर दिसली. क्रिस्पचं काम करणाऱ्या जॉन हर्टला बाफ्टा हा मोठा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. आपल्याकडे ३७७ कलमातून हा भाग २०१८ मध्ये गेला, आणि डेली सोपमध्ये असं पात्र आणायचं म्हटलं तर “प्राइम टाइमला नको, बायका जेवण वाढत असतात” हे उत्तर अजूनही येतं. बायकांनी जेवण वाढताना काय बघावं हे ठरवणारे बहुतेक वेळा पुरुषच असतात, हे आपलं जाता जाता.

पण थेम्सच्या काळातला एक डागही सांगायला हवा. ‘रॉक फॉलीज’ ही रॉक बँड काढणाऱ्या तीन मुलींची संगीतमालिका, १९७६ ची, गाजली, बक्षिसं मिळाली. तीन अभिनेत्रींचं म्हणणं होतं की ही कल्पना आमच्या खऱ्या बँडवरून आली, आम्ही ती विश्वासाने सांगितली, आणि मग आम्हाला वगळून दुसऱ्याच मुली घेतल्या. कोर्टात प्रकरण बरीच वर्षं चाललं. १९८३ मध्ये हायकोर्टाने अभिनेत्रींच्या बाजूने निकाल दिला: विश्वासाने तोंडी सांगितलेली कल्पनासुद्धा, ती नेमकी आणि प्रत्यक्षात आणण्याजोगी असेल तर, परस्पर वापरता येत नाही. हा निकाल इतका महत्त्वाचा ठरला की २००३ साली आपल्या मुंबई हायकोर्टाने एका हिंदी मालिकेच्या कन्सेप्टच्या भांडणात त्याचा आधार घेतला. अंधेरीत कन्सेप्ट नोट घेऊन मीटिंगला जाणाऱ्या प्रत्येक लेखकाने हा खटला माहीत करून घ्यावा. “छान आहे, पण आमच्या स्लॉटला बसत नाही” आणि सहा महिन्यांनी तीच सासू, तोच वाडा, फक्त कोल्हापूरच्या जागी सातारा, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. व्हेरिटी तेव्हा विभागाची प्रमुख होती. माणसं निवडून त्यांच्या पाठीशी उभं राहण्याचं एवढं कौतुक मी करतेय, तर त्या तिघींच्या पाठीशी कोणी उभं नव्हतं हेही त्याच वहीत लिहायला लागतं.

१९७६ पासून थेम्सच्या युस्टन फिल्म्सची जबाबदारीही तिच्याकडे आली. युस्टनची रीत वेगळी: स्टुडिओ नाही, सोळा मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन थेट लंडनच्या रस्त्यावर. त्यातली ‘माइंडर’ घ्या. डेनिस वॉटरमन हा हिरो, म्हणून मालिका काढली, आणि जॉर्ज कोलने केलेला आर्थर डेली, हातात सिगार, गोदामात चोरीचा माल, तोंडात साखर, हा सगळं खाऊन गेला. सुरुवातीला फारशी चालली नव्हती. तरी तिच्यावर पुढे पैसा लागत राहिला आणि ती १९९४ पर्यंत चालली. पहिल्या दोन आठवड्यांच्या टीआरपीवर कथा बदलायला लावणाऱ्या आमच्या गुरुवारांशी (टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात) तुलना करू नये, पण होतेच.

‘विडोज’ची गोष्ट मला त्याहून आवडते. लिंडा ला प्लांट तेव्हा अभिनेत्री होती, मालिकांमध्ये छोट्यामोठ्या भूमिका करणारी. तिने कल्पना आणली की दरोड्यात नवरे मरतात आणि त्यांच्या विधवा नवऱ्याच्या वहीतला पुढचा दरोडा स्वतः घालतात. व्हेरिटी आणि तिची सहकारी लिंडा अ‍ॅग्रन यांनी ते तिच्याकडूनच, एका नवख्या लेखिकेकडून, लिहून घेतलं. अनुभवी पुरुष लेखकाच्या हातात सोपवलं नाही. आमच्याकडे लगेच “बाई, तुमचा कन्सेप्ट, पण स्क्रीनप्ले आमच्या सरांचा” झालं असतं. १९८३ ला मालिका आली, तुफान चालली, आणि ला प्लांट पुढे इंग्लंडमधल्या गुन्हेगारी मालिकांचं मोठं नाव झाली.

मग तीनेक वर्षं थॉर्न ईएमआयमध्ये सिनेमांची प्रमुख. ती वर्षं तिला मानवली नाहीत. १९८५ ला स्वतःची कंपनी, सिनेमा व्हेरिटी. ‘सिनेमा व्हेरिते’ या वास्तवदर्शी फ्रेंच सिनेमाशैलीवरचा शब्दखेळ. नाव मस्त आहे की नाही? त्यात मेरिल स्ट्रीपचा ‘अ क्राय इन द डार्क’ झाला, अ‍ॅलन ब्लीजडेलची ‘जीबीएच’ झाली, घरगुती विनोदी मालिका झाल्या. आणि ‘एल्डोराडो’ झाली.

‘एल्डोराडो’ म्हणजे ब्रिटिश टीव्हीतला सगळ्यांत बदनाम पांढरा हत्ती. बीबीसीला आठवड्यातून तीन दिवसांचा नवा सोप हवा होता. स्पेनच्या किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या ब्रिटिशांची गोष्ट. मालागाजवळच्या कोईन गावी अख्खं गाव उभारलं, खर्च कोटी पौंडांचा. ‘ईस्टएंडर्स’ हा बीबीसीचा गाजलेला सोप उभा करणारी ज्युलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड ही जोडी मदतीला. कागदावर याच्याहून सुरक्षित काय असणार? ६ जुलै १९९२ ला सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात वर्तमानपत्रांनी सोलून काढली. भरीव भिंतींच्या खऱ्या घरांत संवाद घुमायचे. बरेच नट नवशिके. पात्रं आपापल्या भाषेत बोलायची आणि खाली सबटायटल नाहीत.

मी यातले काही एपिसोड बघितलेत, आणि माझं ठाम मत आहे की मूळ कल्पना वाईट नव्हती. घाई झाली. एका मालिकेच्या वेळी आमची लाँचची तारीख चॅनलने अचानक अलीकडे ओढली. मढच्या बंगल्यात नव्या भिंतींचा रंग ओला होता, प्रत्येक संवाद विहिरीतून आल्यासारखा घुमत होता, साउंडवाला घराघरांतून गाद्या गोळा करून कॅमेऱ्याच्या मागे लावत होता. बँक होती चार एपिसोडची. पहिल्या महिन्यात जे पडद्यावर गेलं ते बघून लोकांनी आम्हाला जे ठरवलं ते ठरवलं. तिसऱ्या महिन्यात मालिका चांगली झाली होती, पण तोवर आमचा स्लॉट रात्री साडेदहावर गेला होता. ‘एल्डोराडो’चंही हेच झालं. निर्माती बदलली, कमकुवत पात्रं काढली, कथा घट्ट झाली, प्रेक्षक वाढायला लागले, आणि तोवर बीबीसी वनचा नवा प्रमुख अ‍ॅलन येंटॉब याने ती बंद करायचं ठरवलं. ९ जुलै १९९३ ला शेवटचा भाग.

मला इथे एक प्रश्न छळतो. वरून ‘नाही’ आलं तर ‘करूच’ म्हणणारी ही बाई. पण वरून ‘लगेच करा’ आलं तेव्हा ‘थांबा’ का नाही म्हणाली? माझा अंदाज असा की पगारी निर्मातीला ‘नाही’शी भांडणं सोपं जातं. स्वतःची कंपनी असली, खाली दीडशे माणसांचे पगार असले, की समोरून आलेल्या ‘हो’शी भांडायला जीभ रेटत नाही. माझी तर कंपनी नाही, तरी त्या ओल्या भिंतींच्या वेळी माझीही रेटली नव्हती. ‘थांबा’ म्हणणाऱ्या निर्मात्याला पुढचा प्रोजेक्ट मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

एवढा फटका बसल्यावर दुसरं कोणी गप्प बसलं असतं. ही पासष्टीकडे झुकलेली बाई पुन्हा साधी निर्माती म्हणून सेटवर परत आली. १९९८ पासून ‘जोनाथन क्रीक’, डेव्हिड रेनविकच्या डोक्यातली चक्रावणारी रहस्यं. मग त्याच लेखकाची ‘लव्ह सूप’. २००२ मध्ये ओबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला. जुन्या दोस्ताबद्दलही सांगायचं राहिलं: वारिसने पुढे १९७८ मध्ये थेम्ससाठी ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्प्सन’ दिग्दर्शित केली, व्हेरिटी तिथे ड्रामा प्रमुख असतानाच. गुहेतली माणसं ते बकिंगहॅम पॅलेस, पंधरा वर्षांत.

२२ नोव्हेंबर २००७ ला ती गेली, कॅन्सरने. बहात्तराव्या वाढदिवसाला पाच दिवस होते, आणि पुढच्या महिन्यात तिला जीवनगौरव पुरस्कार मिळणार होता. ‘लव्ह सूप’चा दुसरा सीझन २००८ च्या वसंतात बीबीसी वनवर लागला, निर्माती म्हणून तिचंच नाव घेऊन. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “तो सीझन बघितला पाहिजे.” मी म्हटलं, बघ, पण शेवटची पाटी जाईपर्यंत रिमोट उचलायचा नाही.